पेशंटनी तळघर नाकारलं तेव्हा

१३ ठिकाणं आणि ८ इमारती. लंडनच्या गाईज आणि सेंट थॉमस या जोड रुग्णालयांत २०१६ पर्यंत कॅन्सरवरचे उपचार इतके विखुरलेले होते. तपासणी एका इमारतीत, स्कॅन दुसरीत, केमो तिसरीत, आणि मधल्या वाटा पेशंटनं पायाखाली घालायच्या. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडन ब्रिजजवळ गाईज कॅन्सर सेंटर सुरू झालं आणि यातलं बहुतेक सगळं एका छपराखाली आलं. १४ मजले, खर्च सुमारे १६ कोटी पौंड.

हे आकडे कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या उद्घाटनाच्या बातमीत शोभतील. मला त्यांच्यापेक्षा एक वेगळी मोजणी महत्त्वाची वाटते: रेडिएशनची यंत्रं जमिनीपासून किती वर आहेत? जगातल्या अनेक कॅन्सर रुग्णालयांत या प्रश्नाचं उत्तर उणे येतं. रेडिएशन म्हणजे तळघर. लिफ्टनं खाली जायचं, खिडकी नसलेल्या बोळातून चालायचं, ट्यूबलाइटच्या उजेडात नंबर लागण्याची वाट बघायची, हे जणू ठरूनच गेलेलं आहे.

त्यामागे भौतिकशास्त्राचं साधं गणित आहे. लिनिअर अ‍ॅक्सलरेटर, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत ‘लिनॅक’, साधारण ६० लाख ते दीड कोटी व्होल्ट ताकदीचे क्ष-किरण सोडतो. ते बाहेर जाऊ नयेत म्हणून खोलीभोवती काँक्रीटच्या एक ते अडीच मीटर जाडीच्या भिंती लागतात. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे २,३५० किलो. म्हणजे थेट झोत ज्या भिंतीवर पडतो ती दोन मीटर जाड धरली, तर तिच्या दर चौरस मीटरमागे ४.७ टन वजन होतं. पाच मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी एकच भिंत ७० टनांवर जाते. छत आणि उरलेल्या भिंती वेगळ्याच, आणि यंत्र स्वतःही कित्येक टनांचं. एवढा बोजा जमिनीखाली ठेवला की भोवतालची माती फुकटात किरण अडवते आणि खोलीच्या खाली कोणी वावरत नसल्यानं तिकडची चिंता मिटते. इंजिनिअरच्या दृष्टीनं तळघर हे अगदी शहाणपणाचं उत्तर आहे.

गाईजच्या आराखड्याच्या कामात सुरुवातीपासून पेशंटचा एक गट सहभागी होता. त्या गटाला तळघर नको होतं. कारण समजायला आकृतीची गरज नाही. आधीच आजारी असलेल्या माणसाला दररोज जमिनीखाली जायला लावणं त्यांना सोसणारं नव्हतं. ‘रॉजर्स स्टर्क हार्बर’ आणि ‘स्टँटेक’ या वास्तुरचनाकारांनी ते ऐकलं आणि रेडिएशनचा विभाग जमिनीच्या वर नेला. युरोपात असं करणारं हे पहिलं केंद्र मानलं जातं. मग सगळी इमारतच त्या कलानं बसली. तिचे चार भाग केले, त्यांना ‘व्हिलेज’ म्हणजे गावं म्हटलं, आणि ती एकावर एक रचली: स्वागताचं, रेडिएशनचं, ओपीडीचं आणि केमोचं. प्रत्येक गावात यंत्रं आणि तपासणीच्या खोल्या एका बाजूला, तर बसण्याची उजेडाची जागा दुसऱ्या बाजूला. (वरच्या काही मजल्यांवर ‘एचसीए’ या खासगी कंपनीचं रुग्णालय आहे. शहरावरचा सगळ्यात चांगला देखावा कोणाच्या वाट्याला आला, हे ज्यानं त्यानं ताडावं.)

इतका वेळ एका तळघरापाशी थांबण्याचं कारण असं की, रुग्णांचा सहभाग मोजायचा कसा, याचं माप इथे हाती लागतं. हल्ली कोणतंही नवं रुग्णालय ‘आम्ही रुग्णांना विचारून बांधलं’ असं सांगतं. किती बैठका झाल्या, किती जणांनी प्रश्नावली भरली, हे आकडे अहवालात असतात. पण प्रश्नावली बहुतेकदा येते ती सगळं ठरून गेल्यावर. खांब उभे राहिलेले असतात, यंत्रांची ऑर्डर गेलेली असते, आणि पेशंटला विचारलं जातं की पडदे निळे हवेत की हिरवे. पडद्याचा रंग कुणालाच महाग पडत नाही. ७० टनांची भिंत वरच्या मजल्यावर न्यायची तर पाया, खांब आणि खर्च या तिन्हींत बदल करावा लागतो. म्हणून माझ्या लेखी बैठकांची संख्या गौण आहे. पेशंटच्या म्हणण्यावरून नकाशावरची एखादी महागडी रेष हलली का, एवढंच पाहावं. हलली नसेल तर त्या बैठका चहापाण्याच्या.

आता एक पूर्ण उलट्या आकाराचं उदाहरण. सुमारे २८० चौरस मीटर, म्हणजे ढोबळ मानानं ३,००० चौरस फूट. ब्रिटनमधल्या ‘मॅगीज’ केंद्रांच्या मूळ आराखड्यात अपेक्षित जागा साधारण एवढीच. इथे औषध दिलं जात नाही, शस्त्रक्रिया होत नाही. रुग्णालयाच्या आवारातच, पण रुग्णालयापासून वेगळं असं हे घर. कॅन्सर झालेला माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी नंबर न लावता आत येऊन बसू शकतं.

त्यामागची हकिगत अशी. मॅगी केझविक जेंक्स या बागांच्या अभ्यासक, आणि वास्तुकलेचे प्रसिद्ध समीक्षक चार्ल्स जेंक्स यांच्या पत्नी. १९८८ मध्ये त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि १९९३ मध्ये तो परतला. एडिंबरोच्या रुग्णालयात डॉक्टरांनी हाती दोन-तीन महिने असल्याचं सांगितलं. बाहेर इतर पेशंट खोळंबले होते, म्हणून नवराबायकोला खोली रिकामी करून खिडकी नसलेल्या बोळात बसावं लागलं. डॉक्टर किंवा नर्स दुष्ट होते असं नाही. ती बातमी ऐकल्यावर माणूस कुठे बसेल, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नव्हता. मॅगी पुढे दोन वर्षांच्या आसपास जगल्या आणि तो काळ त्यांनी हे केंद्र कसं असावं हे ठरवण्यात घालवला. जुलै १९९५ मध्ये त्या गेल्या. १९९६ मध्ये त्याच रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात पहिलं केंद्र उघडलं, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या नर्स लॉरा ली यांनी संस्थेची सूत्रं हाती घेतली. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक केंद्रं आहेत. फ्रँक गेरी, झहा हदीद, रेम कूलहास, नॉर्मन फॉस्टर अशा बड्या मंडळींनी ती रचली आणि लंडनच्या केंद्राला २००९ चा स्टर्लिंग पुरस्कारही मिळाला.

त्या नावांच्या झगमगाटात मूळ मागणीपत्र झाकलं जातं, आणि खरी गंमत तर त्यातच आहे. काही पानांचा हा मजकूर प्रत्येक वास्तुरचनाकाराच्या हाती दिला जातो आणि त्यात शैलीबद्दल फारसं काही नसतं. मध्यभागी स्वयंपाकघर हवं, आणि त्यात १२ माणसं बसतील असं टेबल हवं. दारात रिसेप्शनचं काउंटर नको. बाण काढलेल्या पाट्या नकोत. आणि टॉयलेटबद्दलची सूचना तर अशी की ती पेशंटशिवाय कुणाला सुचलीच नसती: एका रांगेत, खाली फट असलेल्या दारांची टॉयलेट नकोत; माणसाला आत जाऊन रडता आलं पाहिजे आणि बाहेर येण्याआधी तोंड धुऊन आरशात बघता आलं पाहिजे. भारतातल्या किती रुग्णालयांत अशी एक तरी जागा आहे? आपल्याकडे माणसं जिन्यात रडतात.

मॅगी या स्वतःच ग्राहक होत्या, हातात पैसा होता, ओळखी होत्या. आयुष्यातले शेवटचे महिने आराखड्यावर खर्च करणं सगळ्यांना परवडणारं नाही. शिवाय २८० चौरस मीटरचं घर आणि १४ मजली रुग्णालय यांत फरक आहे. मोठ्या संस्थेत पेशंटला खुर्ची मिळायची तर ती बहुधा भांडून, नाहीतर एखादा मोठा अपघात झाल्यावर मिळते. बॉस्टनमध्ये दोन्ही घडलं.

चारपट. नोव्हेंबर १९९४ मध्ये बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये बेट्सी लेमन यांना केमोचं औषध मिळालं ते एवढ्या मात्रेत. सायक्लोफॉस्फमाइडची चार दिवसांत मिळून द्यायची एकूण मात्रा चारही दिवस रोज दिली गेली. लेमन ३९ वर्षांच्या होत्या आणि ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये आरोग्यावर स्तंभ लिहायच्या, त्यांचे पती त्याच संस्थेत शास्त्रज्ञ होते. काहीतरी भलतंच होतंय, हे त्या सांगत राहिल्या. ३ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. चूक उघडकीला आली ती दोन महिन्यांहून अधिक काळानंतर, फेब्रुवारी १९९५ मध्ये, आणि तीही नोंदी तपासताना. आरोग्यावर लिहिणारी पत्रकार आणि त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञाची बायको, असं असूनही तिचं ऐकलं गेलं नाही. मग बाकीच्यांचं काय होत असेल, हा प्रश्न अमेरिकेतल्या रुग्णसुरक्षेच्या चळवळीला पुढे अनेक वर्षं पुरला.

त्यानंतर काही वर्षांत डेना-फार्बरनं प्रौढ रुग्णांच्या खाटा शेजारच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात हलवायचं ठरवलं. आपलं ओळखीचं ठिकाण सुटणार म्हणून पेशंट नाराज झाले, आणि १९९८ मध्ये तिथे रुग्ण व कुटुंबीयांची सल्लागार परिषद उभी राहिली. म्हणजे सहभागाची सुरुवात रंगसंगतीपासून झालीच नव्हती; ती झाली औषधाची मात्रा आणि खाटांची जागा या जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर. परिषदेची माणसं संस्थेच्या समित्यांवर बसू लागली. २०११ मध्ये १४ मजल्यांचं आणि पावणेतीन लाख चौरस फुटांचं यॉकी सेंटर उघडलं, त्याच्या आखणीतही ती होती. माझ्या मते या इमारतीत सगळ्यात मोलाची गोष्ट तिच्या चौरस फुटांत दिसत नाही. आखणी सुरू झाली तेव्हा पेशंटची परिषद काही वर्षं जुनी झाली होती. आपलं म्हणणं कुठे, कुणापाशी आणि कधी मांडायचं, हे त्यांना ठाऊक झालं होतं. नव्या इमारतीसाठी घाईघाईनं बोलावलेल्या पेशंटला ते ठाऊक नसतं.

‘पण याचा उपयोग होतो याचा पुरावा काय?’ असा प्रश्न हिशेबी वाचक विचारेल, आणि विचारावाच. या विषयात सगळ्यात जास्त वेळा सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलेला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ पेशंटच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांना पानं असतात त्या मे ते ऑक्टोबर महिन्यांतल्याच नोंदी घेतल्या. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. नर्सनी लिहिलेल्या तक्रारवजा नोंदी झाडवाल्यांच्या बाबतीत दर पेशंटमागे १.१३, तर भिंतवाल्यांच्या बाबतीत ३.९६.

फरक पाऊण दिवसाचा, म्हणजे १८ तासांच्या आतला. पेशंट ४६. आजार पित्ताशयाचा. एवढ्या आधारावर ‘खिडकीमुळे कॅन्सर बरा होतो’ असं सुचवणारी जी माहितीपत्रकं निघतात, ती सरळ बाजूला ठेवावीत. चांगल्या इमारतीनं गाठ लहान होत नाही. पण तक्रारींच्या नोंदींतला तिपटीहून मोठा फरक मात्र मला दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही. तो कष्टाचा आकडा आहे, आणि कष्ट कमी करणं हे रुग्णालयाचं कामच आहे.

इमारतीचा विचार करताना वेळापत्रक विसरलं जातं, तेही इथेच सांगायला हवं. स्तनाच्या कॅन्सरनंतर रेडिएशन पूर्वी २५ वेळा, पाच आठवडे दिलं जाई. ब्रिटननं ते १५ वेळांवर आणलं. २०२० मध्ये ४,०९६ रुग्णांवरच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे निष्कर्ष आले आणि अनेकींसाठी ते एका आठवड्यात ५ वेळा देणं पुरेसं ठरलं. २५ वरून ५. वाट बघण्याची खोली कितीही सुंदर केली तरी २० खेपा वाचवण्याची सर तिला येणार नाही.

आता परळ. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आणि त्याच्या मुळाशी एका घरातलं दुःख होतं: मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, आणि पती दोराबजी टाटा यांच्या ट्रस्टनं पुढे हे रुग्णालय उभं केलं. इथे वर्षाला सुमारे ६५ हजार नवे रुग्ण येतात, असा रुग्णालयाचाच आकडा अनेक वर्षं सांगितला जातो. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोज दोनशेच्या वर नवे केसपेपर. सोबत सरासरी दोन नातेवाईक धरले, तर साडेसहाशे माणसं फक्त नव्यांची. जुने पेशंट वेगळेच.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सहसा ३० ते ३५ वेळा, सहा ते सात आठवडे चालतं. एका वेळी टेबलावर १५ मिनिटं धरली, तर ३५ वेळांची मिळून पावणेनऊ तास होतात. सात आठवड्यांचे तास १,१७६. म्हणजे बिहारहून किंवा बुलढाण्याहून आलेला माणूस मुंबईत जेवढा काळ काढतो, त्यातला एक टक्कासुद्धा यंत्राखाली जात नाही. उरलेले ९९ टक्के रांगेत, फूटपाथवर, धर्मशाळेत, नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत, लोकलमध्ये. लंडनच्या पेशंटला रेडिएशनची खोली जमिनीच्या वर मागता आली, कारण संध्याकाळी तो आपल्या घरी जाणार होता. परळच्या पेशंटला विचारलं तर आधी आंघोळीची जागा, डबा गरम करायची सोय, फाईल कोरडी राहील असा लॉकर आणि मोबाईल चार्ज करायला प्लग, अशी यादी निघेल असा माझा अंदाज आहे.

शिवाय आपल्याकडचा नातेवाईक हा ‘भेटायला आलेला’ कधीच नसतो. केसपेपर काढतो तो, रिपोर्ट आणतो तो, रक्तदाते जमवतो तो, स्ट्रेचरला हात लावतो तो. मनुष्यबळाच्या हिशेबात त्याचा पगार शून्य आणि नकाशात त्याची जागाही शून्य. जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंट आणि त्यांच्या माणसांसाठी धर्मशाळा उभी करणाऱ्या गाडगेबाबांना हे कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळलं होतं. दादरची त्यांच्या मिशनची धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही आजही टाटाच्या पेशंटची पत्त्याची ठिकाणं आहेत. माझ्या मते ती रुग्णालयाच्याच नकाशाचा भाग आहेत, फक्त कंपाउंडच्या बाहेर.

याला आकड्याचा आधारही आहे. टाटा मेमोरियलमध्ये उपचार नाकारणाऱ्या किंवा अर्ध्यावर सोडणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण २००९ च्या सुमारास २० टक्के होतं. पाचातलं एक मूल. राहण्याची सोय, धान्य, पैशाची मदत, समुपदेशन आणि घरी गेलेल्यांचा पाठपुरावा हे सगळं जुळवून आणल्यावर २०१४ पर्यंत ते ५ टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ पासून काम करणाऱ्या ‘सेंट ज्यूड्स’च्या केंद्रांत प्रत्येक कुटुंबाला आपली खोली मिळते, आणि सामायिक स्वयंपाकघरात आई आपल्या मुलासाठी आपल्या हातानं स्वयंपाक करते. मॅगीजच्या मागणीपत्रातलं १२ माणसांचं टेबल आणि हे स्वयंपाकघर यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे, तरी दोघांची जात एकच. फरक परिणामाचा. एडिंबरोत स्वयंपाकघरानं धीर मिळतो. परळमध्ये चूल आणि खोली मिळाली नाही तर बाप मुलाला घेऊन गावची गाडी पकडतो.

टाटा मेमोरियलनं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीनं ‘केवट’ नावानं वाटाडे तयार करायला घेतले, हेही त्याच जाणिवेतून. पेशंटला एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणारा प्रशिक्षित माणूस. ही सोय चांगलीच आहे. मात्र इतके वाटाडे का लागतात, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्यालाही विचारला पाहिजे, आणि कोणत्या वळणावर किती माणसं चुकतात याची केवटांकडची माहिती पुढच्या इमारतीच्या आराखड्याआधी त्याच्या टेबलावर गेली पाहिजे.

सल्लागार समितीत बसवायचं कुणाला, हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड हिशेब. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात १४.१ लाख नवे रुग्ण आणि ९.२ लाख मृत्यू. ब्रिटनमध्ये सुमारे साडेचार लाख नवे रुग्ण आणि १.८ लाख मृत्यू. एकाच वर्षातले रुग्ण आणि मृत्यू ही तीच माणसं नसतात, त्यामुळे यातून मृत्युदर काढू नये. पण शंभर नव्या रुग्णांमागे तिकडे ४० मृत्यू आणि इकडे ६५, ही तफावत बोलकी आहे. पेशंटची परिषद म्हणजे सहसा बरे झालेल्यांची परिषद. ज्यांना वेळ आहे, जे शहरात राहतात, ज्यांना बैठकीची भाषा येते, त्यांची. भारतात तेवढ्यावर थांबलं तर अनुभवाचा मोठा भाग खोलीत येतच नाही, कारण तो सांगायला पेशंट उरलेला नसतो. तो उरतो त्याच्या बायकोकडे, भावाकडे, सासऱ्याकडे, आणि ही माणसं आठवड्याभरात गावी परतलेली असतात.

त्यामुळे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीनची, अशी ठरीव बैठक परळ, नागपूर किंवा वाराणसीत चालायची नाही. दुपारी तीनला नातेवाईक रिपोर्टच्या रांगेत असतो. त्याला गाठायचं तर धर्मशाळेत, रात्रीची जेवणं उरकल्यावर, त्याच्या भोजपुरीत, बंगालीत किंवा वऱ्हाडीत. गेलेल्यांच्या घरी दोन-तीन महिन्यांनी फोन करावा लागेल, आणि तो करणाऱ्याला त्या कामाचा पगार द्यावा लागेल. १६ कोटी पौंडांच्या इमारतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. नकाशा मंजुरीला जाण्याआधी तो व्हायला हवा, एवढीच अट.